कुंभेरीचे आकडे

नीरक्षीरने कुंभेरी केंद्र बाजूला काढल्याचं केतकी बावडेकरला कळलं तेव्हा ती कॅन्टीनमध्ये बसून इडली खात होती. मनगटावरची पट्टी थरथरली. तिने सवयीने हात वर करून वाचलं.

'क्षय-प्रतिबंध चाचणी. केंद्र कुंभेरी. विश्वासार्हता अत्यल्प. शिफारस : संपूर्ण विदा अग्राह्य. पडताळणी अधिकारी : के. बावडेकर.'

उरलेली इडली तिने तशीच ठेवली. कुंभेरी केंद्राचे प्रमुख डॉ. मुकुंद बावडेकर होते. म्हणजे तिचे वडील.

पुण्याबाहेर, मुळशीच्या रस्त्याला, राष्ट्रीय जीवविदा भांडार उभं राहिलं त्याला आता नऊ-दहा वर्षं झाली होती. त्याआधी प्रत्येक प्रयोगशाळेचा कारभार वेगळा होता. कुणी वजन किलोत लिही, कुणी पौंडात. एकच रोगी तीन इस्पितळांत तीन नावांनी नांदे. कुठे हार्डडिस्क बसली की दहा वर्षांची मेहनत मातीमोल. भांडार झालं आणि देशभरातल्या जीवशास्त्रीय संशोधनाची सगळी विदा, म्हणजे डेटा, एका छपराखाली आली. तळघरात शीतपेट्यांमध्ये रक्ताचे नमुने, वर संगणकांचे मजले. ती विदा लावून ठेवायचं, सांभाळायचं आणि साफ करायचं काम नीरक्षीर करत असे.

नीरक्षीर ही काही आकडेमोड करणारी साधी प्रणाली नव्हती. एककं जुळवणं, दुबार नोंदी काढणं ही तिची हलकीफुलकी कामं. तिचं खरं कौतुक होतं ते खोटे आकडे पकडण्यासाठी. माणूस घरी बसून आकडे रचतो तेव्हा तो एक चूक हमखास करतो. त्याच्याकडून पुरेसा गोंधळ होत नाही. शंभर माणसांच्या रक्तातली साखर खरोखर मोजली तर आकडे रानात सोडलेल्या गुरांसारखे चौफेर पसरतात. रचलेले आकडे मात्र एकमेकांना बिलगून बसतात. नीरक्षीर ती बिलगण हुंगत असे. दोन मोठ्या औषध-चाचण्यांमधली लबाडी तिने अशीच उघडी पाडली होती, आणि तेव्हापासून तिच्या शब्दाला वजन आलं होतं.

कुंभेरीच्या आकड्यांत तिला दोन गोष्टी खटकल्या होत्या. क्षय होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा घ्यायच्या नव्या गोळीची ती चाचणी. गोळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी रक्तात औषध किती उरलं ते मोजायचं. देशभर सगळीकडे यकृताने तोवर बरंचसं औषध मोडून टाकलेलं असे. कुंभेरीत ते अडीच-तीन पट शिल्लक होतं. आणि सगळ्यांच्या रक्तात जवळजवळ सारखंच.

केतकीने खोलीचं दार लावून वडिलांना फोन केला.

"बाबा, चाचणीचं रक्त कुणी काढलं होतं?"

"मी आणि शेवंता सिस्टरनी. का गं?"

"कुणाला चुकून दोन-दोन गोळ्या नाही ना गेल्या?"

"केतू, एकेकाच्या जिभेवर मी माझ्या हाताने गोळी ठेवलीय. झालंय काय?"

तिने सांगितलं. डॉक्टर चक्क हसले.

"अगं, आकडे सारखे येणारच! इथे कोण कुणाचं नाही ते सांग. पाच गावांचं खोरं, बाहेर सोयरीक करत नाहीत. सर्जेराव आणि त्याची संगीता लग्नाआधी आते-मामे भावंडं. एका कुळाचं रक्त आहे ते. या लोकांच्या यकृतात ते औषध मोडणारं विकर, एन्झाइम, मंद असणार. पिढ्यान् पिढ्या आपापसात लग्नं झाल्यावर दोष सगळीकडे पसरला असेल. मी तर म्हणतो, तुमच्या अख्ख्या चाचणीत कामाची अशी हीच एक गोष्ट सापडलीय. यांना अर्धी गोळीसुद्धा जास्त होईल."

"नीरक्षीरला ते कळणार नाही, बाबा. नात्याचा रकाना विदेतून काढलेला आहे."

"कुणी काढला?"

"मी."

तीन वर्षांपूर्वी तो नियम केतकीनेच लिहिला होता. गाव, वय आणि नातं या तीन गोष्टी एकत्र आल्या की निनावी माणूसही ओळखता येतो. विमा कंपन्यांनी तसं करून आनुवंशिक आजार असलेली घरं शोधून काढली होती आणि त्यांना विमा नाकारला होता. म्हणून नातं केंद्रावरच पुसायचं, भांडारात येऊच द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. नियम चांगला होता. त्याचं कौतुक झालं. तेव्हा कुंभेरीहून एका ओळीची हरकत आली होती : 'नातं काढलंत तर इथल्या माणसांचं काहीच समजणार नाही.' तिने त्यावर रीतसर उत्तर पाठवलं होतं, खाली आपलं पद घालून.

"बाबा, एक विचारते. मी लहान असताना तुम्ही रविवारी लसीचे कागद भरायचात. सगळे एकदम, एका बैठकीत."

"भरायचो," डॉक्टर म्हणाले. "लस दिलेली असायची. वजनं, तारखा राहून जायच्या. डोंगर उतरून आल्यावर आठवेल तसं लिहायचो. ते चूकच होतं, मी नाही म्हणत नाही. पण हे तसं नाही."

"तसं नाही हे मी कशावरून ठरवू?"

"मला ओळखतेस त्यावरून."

"ओळखते म्हणूनच विचारतेय ना."

हे बोलल्याबरोबर तिला वाटलं, शब्द मागे घ्यावेत. पण फोन बंद झाला होता.

भांडाराचे संचालक डॉ. हर्षद पारसनीस यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते शांत, सभ्य गृहस्थ होते. कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नसे.

"नात्याचा मुद्दा खरा असू शकतो," ते म्हणाले, "पण तो विदेत नाही. विदेबाहेरचं ऐकून निर्णय घ्यायचे तर मग नीरक्षीर कशासाठी ठेवलीय?"

"सर, तळघरात त्यांचं गोठवलेलं रक्त आहे. विकराचं जनुक तपासून घेऊ. दोन महिने लागतील."

"आणि तोवर गोळ्या वाटायची देशाची मोहीम थांबवायची? एका केंद्रासाठी? तेही तुझ्या वडिलांच्या?" त्यांनी चष्मा पुसला. "तुला यातून बाजूला व्हायचं असेल तर हो. सही दुसरं कुणी करेल. पण मला विचारशील तर तूच कर. उपसंचालकपदाची निवड जवळ आलीय. लोकांना तू कशी आहेस हे एकदा दिसू दे."

केतकी जागेवर येऊन बसली. पडद्यावर कुंभेरीचे आकडे एका पुंजक्यात दिसत होते, सगळे एकमेकांना चिकटून. तिच्या डोळ्यांसमोर मात्र रविवारची ती सकाळ येत होती. बाबा पाटावर बसलेत, शेजारी कागदांची चवड, आणि एकाच पेनाने सरसर लिहिणं चाललंय. 'बाबा, यमीचं वजन तुम्हाला कसं माहीत?' असं तिने विचारलं होतं. 'अंदाजे,' ते म्हणाले होते. लहानपणी तिला त्याचं हसू आलं होतं. आज आलं नाही.

दुपारी तिने सही केली.

सहकाऱ्यांनी तिचं अभिनंदन केलं नाही, पण दोघा-तिघांनी जाता जाता खांद्यावर हात ठेवला. वडिलांनासुद्धा सूट दिली नाही, असं बोललं गेलं. महिन्याभरात ती उपसंचालक झाली.

अविश्वसनीय केंद्रांची यादी भांडार जाहीर करत असे. तो कायदाच होता. डॉ. मुकुंद बावडेकरांचं नाव त्या यादीत झळकलं. जिल्ह्याने कुंभेरीचं सरकारी केंद्र बंद केलं, शेवंता सिस्टरची बदली झाली, वैद्यक परिषदेची नोटीस आली. डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना तेवढा राहिला; तिथल्या नोंदीही कुंभेरी केंद्राच्याच नावाने भांडारात जात.

एका रविवारी ते पुण्याला आले, न कळवता. केतकीने दार उघडलं. त्यांच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती.

"भांडायला नाही आलो," ते म्हणाले. "एकच विचारायचंय. तुला वाटतं का, मी ते आकडे बनवले?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्नच नाही, बाबा. एक पद्धत आहे."

"पद्धतीला नाही विचारत. तुला विचारतोय."

केतकीने चहा गाळायला घेतला. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण मग सही का केली, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली, जणू एखाद्या रोग्याने जुनं दुखणं सांगावं आणि ते ऐकून घ्यावं. चहा प्यायले. मग पाहुण्यासारखा स्वतःचा कप विसळून ओट्यावर उपडा ठेवला आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

पावसाळा संपला आणि मोहीम सुरू झाली.

कुणाला किती गोळी द्यायची हे भांडाराच्या नकाशावरून ठरत होतं. गावागणिक माणसांची यकृतं कशी चालतात, त्यावरून मात्रा. ज्या गावांची विदा नव्हती त्यांची जागा रिकामी ठेवत नसत. नीरक्षीर तिथे आजूबाजूच्या गावांवरून अंदाजाने आकडे भरी. बहुतेक वेळा तो अंदाज इतका अचूक निघे की पुढे पुढे भरलेली जागा आणि मोजलेली जागा यांतला फरक नकाशावर दाखवणंच बंद झालं. कुंभेरीचे खरे आकडे काढून टाकल्यावर तिथे खड्डा पडला होता. नीरक्षीरने तो घाटाखालच्या गावांवरून भरला. कुंभेरीला पूर्ण मात्रा लागू झाली.

गोळ्यांची खोकी ड्रोनने शाळेच्या पटांगणात उतरली. डॉ. बावडेकर घरोघर हिंडले. गोळी घेऊ नका, तुम्हाला ती पचणार नाही, असं ज्याला त्याला सांगितलं. म्हाताऱ्यांनी ऐकलं. तरुणांनी फोनवर डॉक्टरांचं नाव टाकून पाहिलं, तर पहिलीच ओळ आली, 'अविश्वसनीय'. आरोग्य अधिकाऱ्याने डॉक्टरांना बोलावून समज दिली की सरकारी मोहिमेविरुद्ध अफवा पसरवणं गुन्हा आहे.

सर्जेराव दूध संघाच्या टेम्पोवर चालक होता. डॉक्टरांवर त्याचा विश्वास होता. त्याच्या दोन्ही मुली डॉक्टरांच्या हातावर जन्मल्या होत्या. पण गोळी घेतल्याची नोंद दाखवल्याशिवाय संघ कुणाला कामावर घेईना.

"एक घेऊन बघतो, डॉक्टर," तो म्हणाला होता. "तरास झाला तर सोडून दीन."

पहिल्या गोळीने थोडी मळमळ झाली. दुसरी त्याने नेमाने घेतली.

भांडारात त्या काळात आनंदीआनंद होता. मोहिमेचे आकडे उत्तम होते. केतकीचा दिवस बैठकांत जाई. कुंभेरीकडून येणाऱ्या नोंदी आपोआप 'बाजूला' या कप्प्यात पडत, आणि तो कप्पा न उघडायची तिला सवय लागली होती. पण कप्पा रिकामा करण्याआधी अधिकाऱ्याने तो एकदा नजरेखालून घालावा असा नियम होता. तिने एका सकाळी तो उघडला, पुसून टाकण्याची सही करायला म्हणून.

'यकृतदाह. पुरुष, वय ४४. केंद्र कुंभेरी. असंभाव्य. बाजूला.'

'यकृतदाह. स्त्री, वय २९. केंद्र कुंभेरी. असंभाव्य. बाजूला.'

'मृत्यू. स्त्री, वय २९. केंद्र कुंभेरी. असंभाव्य. बाजूला.'

ती खाली खाली वाचत गेली. नोंदी महिन्याभरापासूनच्या होत्या. सगळ्या नीटनेटक्या, पूर्ण भरलेल्या, एकही रकाना न सोडलेल्या. नीरक्षीरने प्रत्येक वाचली होती. ज्या केंद्राच्या शब्दाला किंमत नाही असं एकदा ठरलं, त्याने सांगितलेल्या मरणालाही ती किंमत देत नव्हती.

केतकीने फोन लावला. कित्येक महिन्यांनी.

"बाबा, तिकडे कावीळ आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या गोळीपासून."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. प्रत्येक रोग्याची नोंद पाठवली, रीतसर. तुमच्याच भांडाराला."

तिने पडद्यावरच्या नोंदी मोजायला घेतल्या.

"तिघं गेली," डॉक्टर म्हणाले. "सर्जेराव काल सकाळी गेला. कोल्हापूरला नेईपर्यंत शुद्ध नव्हती त्याला. अजून दोघं इस्पितळात आहेत. आता ठेवतो, बाहेर लोक बसलेत."

तिने आणलेल्या नोंदी वाचून पारसनीसांचा चेहरा पांढरा पडला. ते दुष्ट नव्हते. ते खुर्चीत जरा मागे रेलले, मग पुन्हा पुढे झाले.

"कुंभेरीपुरती गोळी आजच थांबवतो. कारण न देता."

"कुंभेरीपुरती नाही, सर. तिथली कितीतरी कुटुंबं इचलकरंजीला आहेत, गोव्याला आहेत, मुंबईत आहेत. त्यांचं रक्त तेच आहे."

"मग शोध त्यांना."

"कसं शोधू? नातं पुसलंय आपण."

"गोठवलेले नमुने काढ," पारसनीस म्हणाले. "त्यात विकराचा दोष दिसला तर मी देशाची मोहीम थांबवतो. माझा शब्द आहे."

केतकीने तळघराची नोंद उघडली. कुंभेरीचे नमुने नव्हते. अग्राह्य ठरलेल्या केंद्राचं रक्त शीतपेटीत जागा अडवतं, म्हणून ठराविक मुदतीनंतर ते नष्ट करतात. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. केंद्र अग्राह्य ठरवणारी सही त्याला पुरते. आदेशाच्या तळाशी तिचं नाव होतं.

"मग नवे आण," पारसनीस हळू आवाजात म्हणाले. "नात्यासकट. दहा-बारा घरं पुरेत. अविश्वसनीय केंद्राच्या नोंदींवरून मला मोहीम थांबवता येणार नाही, केतकी. माझ्या मनाला पटलं तरी नाही. तूच हे नियम केलेस."

दुसऱ्या दिवशी ती रक्ताच्या नळ्यांचा डबा घेऊन कुंभेरीला निघाली. घाट चढून गेल्यावर रस्ता मळीच्या शेतांतून जातो, पुढे ओढा, मग शाळा, मग दवाखाना. ती इथेच वाढली होती. रस्त्यात भेटणारी माणसं तिला ओळखत होती, पण कुणी हात केला नाही.

डॉक्टरांनी निरोप धाडण्याचं काम तेवढं केलं होतं. दवाखान्याच्या पडवीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. पुढे संगीता बसली होती, सर्जेरावची बायको. अजून दहावासुद्धा झाला नव्हता. तिनेच केतकीला पाण्याचा तांब्या दिला.

"सांगा," संगीता म्हणाली. "रगात कशाला पायजे?"

केतकीने सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. शरीरात गेलेलं औषध यकृत मोडतं. त्यासाठी तिथे एक रसायन असतं. या खोऱ्यातल्या माणसांत ते मंद आहे, म्हणून औषध साठत जातं आणि यकृतच जळतं. हे सिद्ध झालं तर बाहेरगावी गेलेल्या इथल्या लोकांना वाचवता येईल. त्यासाठी प्रत्येक घरातून थोडं रक्त हवं, आणि कोण कुणाचं कोण, तेही हवं.

संगीता लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजे आमचं रगात येगळं हाय म्हणून बाधलं."

"हो."

"ह्येच डॉक्टर कवापासून सांगत हुते."

"हो."

"मग त्या येळंला दिल्यालं रगात कुठं गेलं? पोरीबाळींनी, म्हाताऱ्यांनी, सगळ्यांनी दिल्यालं. ह्यांनी पन दिल्यालं."

"ते नष्ट केलं."

"कुनी?"

केतकीने वडिलांकडे पाहिलं. ते दाराच्या चौकटीला टेकून बाहेर ओढ्याकडे बघत होते.

"माझ्या सहीने," ती म्हणाली.

आरडाओरडा होईल, कुणीतरी अंगावर धावून येईल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मागे बसलेला एक म्हातारा उठला, चप्पल शोधून पायात घातली आणि निघून गेला. मग आणखी दोघी उठल्या.

"तवा आमी खोटं हुतो व्हय, तुमच्या मशिनीत?" संगीताने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच समजून घेत होती. "आनि आता मानसं मेल्यावर खरं झालो. मेल्याली तरी धरली का त्यात?"

"नाही. अजून नाही."

"मग आजचं रगात तरी धरतील ह्याचा काय भरवसा?"

"संगीताताई, तुमची नणंद गोव्यात दिलीय. तिला गोळी मिळतेय. तिच्यासाठी तरी."

"तिला मी फोन केलाय. गटारात टाक म्हनून सांगितलंय. ज्यांचे फोन हायत त्या सगळ्यास्नी सांगितलंय. आमची मानसं कोन, ते आमाला ठाव हाय. तुमच्या कागदाची वाट बगत बसलो असतो तर ती पन गेली असती." ती उठून उभी राहिली. "तुमी डॉक्टरांची लेक म्हनून पानी दिलं. रगात न्हाई देनार."

पडवी रिकामी होऊ लागली. केतकी वडिलांकडे वळली.

"बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना. सगळ्यांचे फोन यांच्याकडे नाहीत. कुणीतरी राहून जाईल. तुमचं ऐकतील ते."

डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या वेळी मीच सांगितलं होतं. द्या, तुमच्याच लेकरांचं भलं होईल म्हणालो. माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी हात पुढे केले. ते वाक्य मी पुन्हा नाही बोलणार."

"मग मी काय करू?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

केतकी रिकाम्या नळ्या घेऊन घाट उतरली.

तिने तरीही प्रयत्न सोडला नाही. सगळी हकीकत लिहून काढली, आपली चूक पहिल्या पानावर घालून चौकशी समितीपुढे मांडली. समितीने ती आदरपूर्वक वाचली. निष्कर्ष असा आला की अधिकारी ही संबंधित डॉक्टरांची मुलगी असून, वडिलांची प्रतिष्ठा परत मिळवण्याचा तिचा हेतू असू शकतो, त्यामुळे तिचं निवेदन निःपक्षपाती मानता येत नाही. स्वतंत्र विदा मिळाल्यास पुनर्विचार करावा. कुंभेरीसमोर 'सहभाग नाकारला' असा शेरा पडला. इचलकरंजीत एका यंत्रमाग कामगाराचा आणि मुंबईत एका बाईचा कावीळ होऊन मृत्यू झाला. दोघं मूळची त्याच खोऱ्यातली. त्यांना फोन करायला कुणाकडे त्यांचा नंबर नव्हता. त्यांच्या नोंदी विश्वासार्ह केंद्रांवरून आल्या, पण वेगवेगळ्या शहरांतल्या दोन सुट्या मृत्यूंचा एकमेकांशी संबंध कुणी जोडणार नव्हतं. तो केतकीने जोडला, पण तिचा शब्द आधीच अग्राह्य ठरला होता. तिने राजीनामा दिला.

कोल्हापूरला एका लहानशा प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी ती कुंभेरीला जाई. डॉक्टर तिला जेवायला वाढत, गाडी नीट चालते का विचारत, गाईचं दूध आटलंय की नाही ते सांगत. ती निघाली की 'सावकाश जा' म्हणत. याहून जास्त काही नाही. खोऱ्यात आता सरकारी गोळी-लस कुणी घेत नव्हतं. गोवराची साथ आली तेव्हा नर्सबाईंना शाळेच्या फाटकातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी स्वतः सांगून पाहिलं. ते औषध देत असत ते लोक घेत, पण लस म्हटलं की गप्प बसत. त्या साथीत दोन मुलं गेली.

दीड वर्षाने आंदीज पर्वतातल्या एका खोऱ्याबद्दल शोधनिबंध आला. एका मोठ्या विद्यापीठाने तिथे तीच गोळी तपासली होती. रक्तात औषध अडीच-तीन पट उरलं. सगळ्यांत जवळजवळ सारखंच. विद्यापीठाच्या केंद्राची विश्वासार्हता अत्युच्च होती, त्यामुळे नीरक्षीरने आकडे बाजूला काढले नाहीत. कुणीतरी ती माणसं एकमेकांची नातेवाईक आहेत का हे विचारलं, जनुक तपासलं, विकराचा दोष सापडला. त्या दोषाला त्या खोऱ्याचं नाव दिलं गेलं. जगभर गोळीची मात्रा बदलली. पारसनीसांनी त्याच आठवड्यात देशाची मोहीम थांबवली. त्यांनी शब्द पाळला.

केतकी निबंध छापून घेऊन कुंभेरीला गेली. डॉक्टर दवाखान्यात होते. बाहेरच्या बाकावर रोगी बसले होते. तिने काही न बोलता कागद टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत वाचले. आलेखावर बोट ठेवून एकेक ठिपका पाहिला. संदर्भांची यादी पाहिली. मग कागद एकावर एक नीट लावून तिच्याकडे सरकवले.

"आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले.

"तुमचं नाव यायला हवं होतं, बाबा. निदान कुंभेरीचं तरी."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तिला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. इतक्या दिवसांचं सगळं. त्यांनी चष्मा परत घातला आणि दाराकडे बघून हाक मारली,

"कोण आहे पुढचं?"

संगीता धाकट्या मुलीला घेऊन आत आली. पोरीच्या अंगात ताप दिसत होता. केतकीला बघून संगीता उंबऱ्यातच थबकली. पोरीचा हात तिने घट्ट धरला.

"केतू," डॉक्टर म्हणाले, "तू जरा बाहेर थांब."

केतकीने कागद उचलले आणि ती बाहेर जाऊन थांबली.